फरशीखालची जमीन

प्रस्तावना

गणपती किंवा दिवाळी जवळ आली, घरात लग्नकार्य ठरले, की घरातल्यांचे लक्ष जुन्या फरशीकडे जाते. कुठे तिचा कोपरा उडालेला असतो, कुठे तेलाचे डाग मुरलेले असतात, कुठे वर्षानुवर्षांच्या वर्दळीने तिचा रंगच उतरलेला असतो. मग कुटुंबातील सर्वजण दुकानात जाऊन नवी फरशी निवडतात. तिचा रंग, तिची चमक, तिचा भाव यांवर तासन्‌तास चर्चा होते. ती ज्या जमिनीवर बसणार आहे, त्या जमिनीविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. वर्ष-दोन वर्षे जातात आणि एखादी फरशी पायाखाली हलू लागते. चालताना बद्द आवाज येतो, सांध्यातील भर निघून येते, उन्हाळ्यात दोन फरशा एकमेकींना रेटून तंबूसारख्या उचलल्या जातात. दोष दुकानदाराला दिला जातो, गवंड्याला दिला जातो, फरशीच्या कारखान्यालाही दिला जातो. बहुतेक वेळा खरा दोष फरशीखाली दडलेला असतो.

प्रस्तुत पाठ हा माहितीपर गद्याचा नमुना आहे. जुन्या जमिनीवर नवी फरशी बसवण्यापूर्वी त्या जमिनीची तपासणी आणि तयारी कशी करावी, हा त्याचा विषय. तुमच्यापैकी कोणी बांधकामाच्या व्यवसायात असेल, कोणी घर सांभाळत असेल. दोघांनाही हा विषय परका नाही.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला जुन्या जमिनीचे प्रकार ओळखून त्यांतील दोष सांगता येतील. एखाद्या कामाची कृती कारणांसह क्रमाने लिहिता येईल. तसेच बांधकामाच्या व्यवहारातील मराठी शब्द योग्य ठिकाणी वापरता येतील.

मूळ पाठ

कोणत्याही कामाची सुरुवात ओळखीपासून होते. पायाखालची जमीन नेमकी कशाची आहे, हे कळल्याशिवाय तिच्यावर काय करावे हे ठरवता येत नाही. महाराष्ट्रातील जुन्या घरांत सर्वाधिक आढळते ती शहाबादी फरशी. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या परिसरात निघणारा हा राखी रंगाचा चुनखडीचा दगड रेल्वेच्या सोयीमुळे दूरवर पोहोचला आणि वाडे, चाळी, शाळा, कचेऱ्या यांच्या जमिनी त्याने व्यापल्या. राजस्थानातील कोटा फरशीही चुनखडीच्याच जातीची. ती अधिक टणक आणि बहुधा हिरवट निळसर असते. याशिवाय चुन्याचा किंवा सिमेंटचा कोबा, रंगीत दगडी चुरा घालून घासलेली मोझॅकची लादी, अलीकडच्या काळातील सिरॅमिक फरशी असे अनेक प्रकार दिसतात. कोकणात आणि खेडोपाडी शेणाने सारवलेली मातीची जमीन आजही आहे.

या प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. मोझॅकची लादी घासताना तिला ऑक्झॅलिक ॲसिड आणि मेण लावून चकाकी आणलेली असते. ते मेण पृष्ठभागात मुरते आणि नव्या सिमेंटला धर मिळू देत नाही. शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात. वरचा थर पक्का वाटला तरी खालचा पोकळ असू शकतो. कोब्याचा वरचा पातळ घोट अनेकदा मूळ काँक्रीटपासून वेगळा झालेला असतो. सारवलेल्या जमिनीवर तर थेट फरशी बसवताच येत नाही. शेणामातीचा मऊ थर खरवडून काढावा लागतो. खाली मुरूम भरून तो पाणी मारीत धुम्मसाने चोपावा लागतो, त्यावर दगडांचे सोलिंग आणि सुमारे ७५ ते १०० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट घालून ते पिकू द्यावे लागते. एवढे केल्यावरच फरशीचा विचार करावा.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. प्रत्येक जुनी जमीन झाकण्याच्या योग्यतेची नसते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून आलेल्या मिंटन फरशा मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही पाहता येतात. १८७२ साली लोकांसाठी खुली झालेली ही वास्तू जतनाच्या कामानंतर २००८ साली पुन्हा खुली झाली, तेव्हा प्रेक्षकांच्या नजरा छतावरील नक्षीइतक्याच पायाखालच्या नक्षीवरही खिळल्या. १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या, तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातल्या अथंगुडीच्या हाती घडवलेल्या लाद्या, गोव्यातील जुन्या घरांच्या फरशा, या सर्व एकदा फोडल्या की पुन्हा मिळणे कठीण. अशा जमिनीला अनेकदा नव्या फरशीची नव्हे, तर चांगल्या घासकामाची गरज असते. घासून उजळ करण्याचा खर्च आणि नवी फरशी बसवण्याचा खर्च यांची तुलना घरमालकाने आधीच करून पाहावी.

फरशी बदलण्याचे ठरलेच, तर पहिला मोठा प्रश्न उभा राहतो : जुनी फरशी उखडायची, की तिच्यावरच नवी बसवायची? व्यवहारात हा प्रश्न पुढीलप्रमाणे सुटतो.

“ताई, जुन्यावरच बसवू. दोन दिवसांत काम हातावेगळं करतो.”

“पण मिस्त्री, त्या कोपऱ्यातल्या दोन लाद्या हलतात ना?”

“वरून माल पडला की बसतील त्या.”

त्या बसत नाहीत. हलणाऱ्या लादीवर घट्ट चिकटवलेली नवी फरशी जुन्या लादीबरोबरच हलते आणि तिच्या सांध्यांना भेगा पडतात. तरीही मिस्त्रीचे बोलणे सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. जुनी जमीन खरोखर घट्ट, कोरडी आणि सपाट असेल, तर तिच्यावर नवी फरशी बसवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. राडारोडा कमी निघतो, धूळ कमी उडते, खालच्या मजल्याच्या छताला हादरे बसत नाहीत. मात्र ‘घट्ट आहे’ हे डोळ्यांनी ठरवायचे नसते, ते कानांनी ठरवायचे असते. हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा काठीने प्रत्येक फरशीचे चारही कोपरे आणि मध्य ठोकून पाहावा. घट्ट बसलेली फरशी खणखणीत आवाज देते. खाली पोकळी असेल तर आवाज बद्द येतो. अशा फरशीवर खडूने फुली मारावी. खोली संपली की फुल्या मोजाव्यात. दोन-चारच असतील तर तेवढ्याच फरशा काढून ती जागा सिमेंट-वाळूच्या मालाने भरून घ्यावी. फुल्यांची दाटी झाली असेल, तर सगळी जमीन उखडणे हेच अखेर स्वस्त पडते.

दुसरा विचार वजनाचा. तो सहसा कोणी करीत नाही, आणि जुन्या इमारतींत खरा धोका तेथेच असतो. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ९.३ चौरस मीटर भरते. तिच्यात ४० मिलिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा माल टाकला, तर केवळ मालाचे वजन ७८० किलोच्या आसपास जाते. ९ मिलिमीटर जाडीच्या व्हिट्रिफाइड फरशीचे वजन चौरस मीटरला सुमारे २० किलो. म्हणजे आणखी १९० किलो. दोन्ही मिळून जवळजवळ एक टन बोजा त्या लहानशा खोलीवर कायमचा चढतो. राहत्या घराच्या मजल्यावर माणसे आणि सामान यांचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरण्याची भारतीय मानकांची रीत आहे. त्याच्या निम्म्याहून अधिक वाटा या नव्या थरानेच व्यापला जातो. आता एखाद्या जुन्या चाळीचा मजला डोळ्यांपुढे आणावा. खाली लाकडी तुळया आणि फळ्या, त्यांवर चुन्याचा थर, त्यावर कधीतरी बसवलेली शहाबादी फरशी, आणि तिच्यावर मागील पिढीने बसवलेली मोझॅकची लादी. तुळईची टोके भिंतीत जेथे शिरतात तेथे ओल आणि वाळवी यांनी तिला किती पोखरले आहे, हे वरून दिसत नाही. तिसरा थर चढवण्याचा निर्णय अशा वेळी एकट्या घरमालकाचा किंवा गवंड्याचा राहत नाही. खाली राहणाऱ्या कुटुंबाचा जीव त्यात गुंतलेला असतो. बांधकाम अभियंत्याकडून पाहणी करून घेतल्याशिवाय असे काम हाती घेऊ नये. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची असल्यास संस्थेची लेखी परवानगीही घ्यावी. जाड मालाऐवजी चार-पाच मिलिमीटरचा चिकट मसाला वापरला, तर तोच बोजा पाव टनाच्या घरात राहतो. पण त्यासाठी जमीन सपाट असावी लागते. तो विषय पुढे येईलच.

तिसरा विचार उंचीचा, आणि तो थोडक्यात आटोपतो. नवी फरशी आणि मसाला मिळून जमीन किमान १३ ते १५ मिलिमीटरने वर येते. दारे उघडतील का, उंबरठा टिकेल का, न्हाणीघराची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा उंच तर होणार नाही ना, हे आधी मोजावे. दाराचे बूड रंध्याने तासता येते. न्हाणीतले पाणी बैठकीच्या खोलीत येऊ लागले, तर त्यावर सोपा उपाय नाही.

पाठगत प्रश्न

१. जुन्या मोझॅकच्या लादीवर नवे सिमेंट नीट का धरत नाही?
२. फरशीखालची पोकळी कशी ओळखता येते?
३. जुन्या चाळीत नव्या थराच्या वजनाचा विचार का आवश्यक आहे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

मूळ पाठ (पुढे चालू)

जमिनीचा सर्वांत चिवट शत्रू म्हणजे ओल. तळमजल्याच्या घरात ती मातीतून वर चढते. तिच्याबरोबर मातीतील क्षारही येतात आणि पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने साचतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. लोणा पाण्याने धुतला की दिसेनासा होतो, पण तो जात नाही. पाण्यात विरघळून परत आत मुरतो आणि जमीन वाळली की पुन्हा वर येतो. म्हणून तो आधी कोरड्या ब्रशाने झाडून गोळा करावा आणि मग ओलीचे मूळ शोधावे. कधी ते घरामागच्या गटारात असते, कधी फुटलेल्या नळात, तर कधी बाहेरचे अंगण घरातील जमिनीपेक्षा उंच झाल्यात. मूळ तसेच ठेवून वर फरशी बसवली, तर ओल थांबत नाही. जुन्या शहाबादी फरशीच्या सांध्यांतून ती थोडी थोडी उडून जात असे. नव्या व्हिट्रिफाइड फरशीतून तिला वाट मिळत नाही. मग ती भिंतीच्या बुडाकडे वळते आणि तेथला गिलावा फुगवते. ‘नवी फरशी बसवल्यापासून भिंती ओल्या होऊ लागल्या’ ही तक्रार अनेकदा ऐकू येते, ती निराधार नसते.

जमिनीत ओल आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. दीड फूट चौरसाचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरावा आणि त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. किमान सोळा तास तो तसाच राहू द्यावा; संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिले तरी चालते. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा जमीन गडद दिसत असेल, तर ओल खालून येत आहे. थेंब प्लास्टिकच्या वर दिसले, तर तो हवेतील दमटपणा. पावसाळ्यात कोकणात फरशीला घाम फुटतो तो हाच. दोहोंत गल्लत केली, तर नसलेल्या रोगावर औषध होते आणि असलेला रोग तसाच राहतो.

यानंतरची पायरी सफाईची. सफाई म्हणजे केवळ झाडून पुसणे नव्हे. रंगाचे ठिपके, जुन्या डिंकाचे डाग, स्वयंपाकघरातले तेल, न्हाणीतला साबणाचा थर आणि लादीवरचे मेण हे सारे निघाले पाहिजे. पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो पसरून जमिनीत मुरला तर पृष्ठभाग मोकळा आहे. मोत्यासारखा गोल होऊन बसला तर अजून मेण किंवा तेल शिल्लक आहे. एक सावधगिरी मात्र हवी : चकचकीत सिरॅमिक किंवा घासलेल्या टणक फरशीवर पाणी तसेही मुरत नाही, म्हणून तेथे ही परीक्षा पुरेशी नाही.

सफाईसाठी अनेक ठिकाणी सर्रास ॲसिड ओतले जाते. शहाबादी आणि कोटा या चुनखडीच्या फरशा असल्याने ॲसिड पडताच त्यांवर फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघाल्याची खूण नसून दगड विरघळत असल्याची खूण आहे. सिमेंटचे सांधेही त्याने खिळखिळे होतात, आणि नीट धुऊन न निघालेले ॲसिड पुढे नव्या मसाल्यालाही बाधते. त्याऐवजी कोमट पाणी, धुण्याचा सोडा, तारेचा ब्रश आणि भरपूर श्रम यांवर भर द्यावा.

स्वच्छ झालेला पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर त्याला खडबडीत करावे लागते. गुळगुळीत झालेल्या जात्यात धान्य नीट दळले जात नाही, म्हणून पाथरवट त्याला टाकी लावतो. जमिनीचेही तसेच आहे. छिन्नी आणि हातोडीने किंवा यंत्राने बोटा-दोन बोटांच्या अंतरावर बारीक खळगे पाडावेत. मसाला त्या खळग्यांत शिरतो आणि वाळल्यावर तेथे धरून राहतो. जुनी पद्धत आणि नवी फरशी यांचा मेळ का बसत नाही, हेही याच संदर्भात समजून घेण्यासारखे आहे. जुनी सिमेंटची लादी पाणी शोषत असे; ती भिजवून, पाठीला सिमेंट लावून बसवली की ते सिमेंट तिच्या छिद्रांत शिरून घट्ट होई. व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिच्या पाठीवर साधे सिमेंट केवळ टेकून राहते, रुजत नाही. वर न शोषणारी फरशी आणि खाली चकचकीत जुनी लादी, अशा दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये साध्या सिमेंटचा निभाव लागत नाही. अशा कामासाठी पॉलिमरयुक्त चिकट मसाला वापरतात. आपल्या देशात त्यासाठी आय.एस. १५४७७ हे मानक आहे. त्याच्या २०१९ सालच्या आवृत्तीत मसाल्याचे पाच प्रकार केलेले आहेत. दुकानात ‘चांगला द्या’ एवढेच म्हणण्याऐवजी पिशवीवरचा प्रकार वाचावा आणि आपल्या जमिनीसाठी तोच सांगितला आहे का, हे पाहावे. वाचता येणे असे उपयोगी पडते.

आता सपाटपणा. मालाच्या जाड थरात लहानसहान उंचसखलपणा खपून जातो. गवंडी थापीने माल कमीजास्त करून फरशी पातळीत आणतो. चिकट मसाल्याच्या पातळ थराला ही मुभा नाही. जमीन जशी असेल, तशीच फरशी बसते. फरशी जेवढी मोठी, तेवढा हा दोष ठळक. दोन फूट किंवा चार फूट लांबीची फरशी खड्ड्यावर आली की तिच्याखाली पोकळी राहते, आणि एक दिवस तेथेच कपाटाचा पाय येतो. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी सर्व दिशांनी ठेवून पाहावी. तिच्याखाली ३ मिलिमीटरहून अधिक फट दिसू नये. उंचवटे घासून काढावेत, खड्डे भरून घ्यावेत. भराव एका दिवसात पिकत नाही. सिमेंटच्या भरावाला निदान सात दिवस पाणी मारावे. त्याची अपेक्षित ताकद येण्यास साधारण २८ दिवस लागतात. खोलीभर एकच पातळी आहे का, हे पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासता येते. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी नेहमी एकाच पातळीत राहते. शाळेत कधी न गेलेला गवंडीही विज्ञानाचा हा नियम रोज वापरत असतो.

भेगांच्या बाबतीत घाई करू नये. सर्व भेगा सारख्या नसतात. कोबा वाळताना पडलेली केसासारखी बारीक भेग कित्येक वर्षे तशीच राहते. ती स्वच्छ करून भरली की काम भागते. पण ज्या भेगेची एक कड दुसरीपेक्षा वर आहे किंवा जी दर वर्षी रुंदावते, तिच्याखाली काहीतरी हलत असते. मराठवाडा आणि विदर्भातील काळ्या मातीच्या प्रदेशात हा अनुभव नित्याचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरची जमीन श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. भेग जिवंत आहे की नाही, हे पाहण्यासाठी तिच्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा आडवा ओढून त्यावर तारीख लिहावी. काही महिन्यांत पट्टा तडकला, तर भेग जिवंत आहे. तिच्यावर फरशी चिकटवली, तर तीच भेग फरशीतून वर येणार. इमारत बांधतानाच मुद्दाम ठेवलेला प्रसरणाचा सांधा हा याहून वेगळा. तो बुजवू नये, नव्या फरशीतही त्याच जागी तसाच मोकळा ठेवावा. भिंतीलगतही थोडी फट सोडावी. ती पट्टीखाली झाकली जाते. उन्हाळ्यात फरशा तंबूसारख्या उचलल्या जातात, त्याचे एक कारण ही फट न सोडणे हे असते.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातील मोरी यांना वेगळी शिस्त लागू पडते. तेथली जुनी जमीन उखडताना खालच्या जलरोधक थराला धक्का पोहोचतोच. तो थर नव्याने केल्याशिवाय फरशी बसवणे म्हणजे शेजाऱ्याच्या छतावर पाणी सोडणे. नवा थर झाल्यावर जाळीचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरावे आणि ते किमान २४ तास, शक्य असल्यास ४८ तास, तसेच ठेवावे. खालच्या घरी जाऊन छत पाहावे. उतार जाळीकडे, दर मीटरला साधारण एक ते दीड सेंटिमीटर असावा. तो फरशी बसवताना नव्हे, तर खालच्या थरातच द्यावा, म्हणजे फरशीखाली मुरलेले पाणीही साचून राहत नाही.

फरशी उखडताना उडणारी धूळ ही किरकोळ बाब समजली जाते. काँक्रीट, वाळूचा माल आणि सिरॅमिक फरशी यांच्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा रोग होतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. नाकाला रुमाल बांधल्याने हे कण अडत नाहीत. एन-९५ प्रकारचा मुखवटा हवा. जमिनीवर पाणी शिंपडून फोडकाम करावे, धूळ कोरडी झाडू नये, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि काम चालू असताना लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नये. जुन्या कार्यालयांतील विनाइलच्या लाद्यांच्या काही प्रकारांत ॲस्बेस्टॉस मिसळलेले असे; अशा लाद्या ओळखीच्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घासू किंवा फोडू नयेत. फरशीखालून विजेच्या आणि पाण्याच्या नळ्या गेलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. छिन्नी चालवण्यापूर्वी मुख्य बटण बंद करणे हा साधा नियम पुष्कळदा मोडला जातो.

एवढी सारी कामे माहीत असूनही ती टाळली का जातात? कारण व्यवहाराची रीतच तशी आहे. गवंड्याला मजुरी मिळते ती बसवलेल्या फरशीच्या चौरस फुटावर. ठोकून पाहण्यात गेलेली सकाळ, भराव पिकण्यासाठी थांबलेला आठवडा, न्हाणीत पाणी भरून वाट पाहण्यात गेलेले दोन दिवस, यांचा दर कोणी ठरवलेला नसतो. ज्या कामाचा मोबदला नाही ते काम वगळले जाते, आणि त्याबद्दल एकट्या गवंड्याला बोल लावणे न्यायाचे नाही. पोटावर हात असलेला माणूस फुकट थांबू शकत नाही. घरमालकाने पूर्वतयारीचे दिवस आणि मजुरी वेगळी धरून तसे लिहून द्यावे. गवंड्यानेही काम घेतानाच ती मागावी. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकून एकदाच फरशी बसवतात. ती उखडून पुन्हा बसवण्याची ऐपत त्यांच्यापाशी नसते. हलणाऱ्या फरशीवर सतरंजी अंथरून ती पुढची वीस वर्षे काढतात.

शब्दार्थ

धुम्मस – जमीन चोपण्याचे जड अवजार. पाणसळ – पातळी तपासण्याचे साधन. लोणा – ओलीबरोबर वर येणारा क्षार. सोलिंग – मोठ्या दगडांचा दाबून बसवलेला थर. राडारोडा – फोडकामात निघणारे दगडमातीचे तुकडे. गिलावा – भिंतीवरील लेप. धर – पकड.

भाषाभ्यास

‘ठोका’, ‘भरा’, ‘थांबा’ ही आज्ञार्थी रूपे आहेत. ‘ठोकून पाहावे’, ‘भरून घ्यावी’, ‘थांबावे’ ही विध्यर्थी रूपे आहेत. कृती सांगणाऱ्या लेखनात विध्यर्थाचा उपयोग अधिक होतो. त्यामुळे सूचना हुकूम न वाटता सल्ला वाटते. पाठातील अशी दहा रूपे शोधा.

‘खणखणीत’, ‘बद्द’ हे शब्द आवाजाचा अनुभव देतात. घरातील भांडी, दारे, पाऊस यांच्या आवाजांसाठी तुमच्या बोलीत कोणते शब्द आहेत, ते लिहा.

‘फरशी’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. ‘ओळंबा’ हा संस्कृतातील ‘अवलंब’ या शब्दाशी नाते सांगतो. ‘सोलिंग’ इंग्रजीतून आला. एकाच गवंड्याच्या बोलण्यात तिन्ही सुखाने नांदतात. तुमच्या व्यवसायातील पाच शब्द निवडून ते कोणत्या भाषांतून आले असावेत, याची शब्दकोशाच्या साहाय्याने माहिती मिळवा.

‘पायाखालची जमीन सरकणे’, ‘जमीनदोस्त होणे’, ‘जमीन-अस्मानाचा फरक असणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

पाठान्त प्रश्न

१. जुन्या जमिनीवरच नवी फरशी बसवणे कोणत्या परिस्थितीत योग्य आणि कोणत्या परिस्थितीत अयोग्य ठरते, ते कारणांसह लिहा.

२. ‘लोणा पाण्याने धुतला की दिसेनासा होतो, पण तो जात नाही.’ हे विधान स्पष्ट करा.

३. तुमच्या घराची जमीन कोणत्या प्रकारची आहे? एक खोली निवडून तिच्यातील प्रत्येक फरशी ठोकून पाहा. जेथे आवाज बद्द येतो त्या जागा दाखवणारा खोलीचा आराखडा काढा.

४. तुम्ही गवंडी आहात अशी कल्पना करून, पूर्वतयारीच्या कामांचे दिवस आणि मजुरी वेगळी दाखवणारे पत्र घरमालकाला लिहा. किंवा, तुम्ही घरमालक आहात अशी कल्पना करून, खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना कामाची पूर्वसूचना देणारे आणि पाणी भरून ठेवण्याच्या दिवसांत त्यांचे छत पाहू देण्याची विनंती करणारे पत्र लिहा.